मुलाचे मन आणि लिंगभाव : पालक व शिक्षकांचे कर्तव्य

प्रार्थनेच्या वेळी मुलांची एक रांग व मुलींची दुसरी, हा आपल्या शाळांचा नित्याचा परिपाठ आहे. एखादे मूल मात्र आपल्या रांगेत उभे राहताना रोज अवघडते. गणवेश त्यास नकोसा वाटतो, शौचालयात जाणे ते टाळते आणि हळूहळू शाळाच बुडवू लागते. घरी त्यास हट्टी ठरविण्यात येते, तर शाळेत सोबती चिडवितात. त्याच्या मनातील व्यथा मात्र कोणी विचारीत नाही.

जन्माच्या वेळी शरीरावरून मुलगा की मुलगी हे ठरविले जाते. पुढे ‘मी कोण’ अशी जी जाणीव मनात उमलते, तिला लिंगभाव म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत या दोहोंचा मेळ बसतो. काहींच्या बाबतीत बसत नाही. त्यापायी होणाऱ्या तीव्र व दीर्घकाळ टिकणाऱ्या मनःक्लेशास लिंगभाव-अस्वस्थता असे म्हणतात.

मुलगा भातुकली खेळतो किंवा मुलगी केस आखूड ठेवते, एवढ्यावरून काही निष्कर्ष काढणे चुकीचे होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. निराळे वागणे वा आवडी एवढाच निदानाचा आधार होऊ शकत नाही, असे तीत स्पष्ट केले आहे. शरीर व लिंगभाव यांतील विसंगतीही तीत मानसिक विकारांच्या प्रकरणातून वगळण्यात आली.

मग मनाचे आरोग्य बिघडते कशाने? चेष्टा, मारहाण व एकटेपणा यांचा त्यात मोठा वाटा असतो. त्यातून चिंता व खिन्नता वाढते. क्वचित स्वतःस इजा करण्याचे विचारही येतात. घरच्यांनी व शिक्षकांनी आधार दिल्यास हा धोका कमी होतो.

म्हणून मूल बोलेल तेव्हा शांतपणे ऐकावे. त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चारचौघांत उघड करू नये. वर्गातील चिडवणे तत्काळ थांबवावे. वयात येण्यापूर्वी अशा मुलांना संप्रेरकांची औषधे वा शस्त्रक्रिया दिली जात नाही. धीर, वेळ व समुपदेशन हीच खरी मदत होय. धाकदपटशा, अंगारेधुपारे किंवा लिंगभाव ‘बदलून देणारे’ उपचार यांच्या मागे लागू नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले आहे.

क्लेश टिकून राहिल्यास मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मार्गदर्शन मिळते. स्वतःस इजा करण्याची भाषा मुलाच्या तोंडी आल्यास मात्र त्यास एकटे न सोडता त्वरित रुग्णालयात न्यावे.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले. २०१९ च्या अधिनियमाने शिक्षणसंस्थांतील भेदभावास मनाई केली. तथापि, कायद्याचे संरक्षण मुलापर्यंत पोहोचते ते वर्गातील शिक्षकाच्या व घरातील वडीलधाऱ्यांच्या वागण्यातूनच. उद्या सकाळी त्या रांगेत अवघडून उभ्या असलेल्या मुलाची आपुलकीने विचारपूस व्हावी, येथूनच या कार्यास प्रारंभ होईल.