'हाउसवाइफ'चं माहेर

मुलांच्या शाळेचा फॉर्म असो की बँकेचा, 'व्यवसाय' हा रकाना आला की आपण बायका क्षणभर थबकतो आणि 'हाउसवाइफ' लिहून मोकळ्या होतो. कुणी तोंडी विचारलं तर उत्तर आणखीच आखूड. "काही नाही, घरीच असते." पहाटे दूध तापवण्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंतचं सगळं त्या 'काही नाही'त जमा! मी शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते, त्यामुळे शब्दांची पाळंमुळं खणायची खोड आहे. या शब्दाचं माहेर शोधलं, तर ते चांगलं भरलं घर निघालं.

आधी 'वाइफ' घ्या. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'वीफ' म्हणजे नुसती बाई. लग्न झालेली असो वा नसो. सुईणीला 'मिडवाइफ' म्हणतात ते त्यामुळेच. त्यातल्या 'मिड'चा अर्थ 'सोबत'. बाळंतिणीच्या सोबतीला असणारी ती मिडवाइफ. 'वुमन' हा शब्दसुद्धा याच 'वीफ'ला 'मान' जोडून झाला, आणि 'मान' म्हणजे तेव्हा पुरुष नव्हे, तर माणूस. कोकणात 'बायलमाणूस' म्हणतात ना, अगदी तसाच! आपली 'बायको' तरी काय, अनेकवचन केलं की 'बायका' होते आणि त्यात साऱ्या जगातल्या बाया मावतात.

तेराव्या शतकात या वाइफच्या मागे 'हाउस' लागलं. अर्थ सरळ होता : घराचा कारभार पाहणारी, म्हणजे आपल्याकडची कारभारीणच. गंमत म्हणजे 'हजबंड'च्या पोटातही तेच घर लपलेलं आहे. हा शब्द इंग्लंडात आला तो उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून. मूळ अर्थ घरदार बाळगून असलेला, घरधनी. शेतीला 'हजबंड्री' म्हणतात ते त्यावरूनच; आणि असलेलं काटकसरीनं पुरवून वापरणं, यालाही इंग्रजीत 'हजबंड' हेच क्रियापद आहे. (महिनाअखेरीला ते कोण करतं, हे मात्र विचारू नका.)

पुढे दोघांचं नशीब बदललं. हजबंडची अब्रू शाबूत राहिली. हाउसवाइफचं मात्र बोलता बोलता 'हझी' झालं. सोळाव्या शतकात 'हझी' म्हणजे घरची मालकीणच होती. पण नंतर शेतावरच्या, खेड्यातल्या कुठल्याही बाईला तसं म्हणू लागले, मग उद्धट पोरीला, आणि सतराव्या शतकात तर त्याचा अर्थ झाला चवचाल बाई! घर तेच, बाई तीच, शब्दाला मात्र शिवी केलं. मला याचा राग येतो, खोटं का बोलू?

त्याच शब्दाला एक गोड वाटही फुटली. सुया, दोरा, बटणं ठेवायच्या कापडी गुंडाळीला इंग्रज लोक 'हाउसवाइफ' म्हणत; उच्चार 'हझिफ'. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश शिपायाच्या सामानात ही 'हाउसवाइफ' असे. रणांगणावरही बटण तुटलं की आठवण हिचीच!

आता आपल्याकडे या. आपल्या जनगणनेत फक्त घरकाम करणारीची नोंद 'काम न करणाऱ्यां'त होत आली. त्याच मोठ्या गटात भिकारी, कैदी आणि वेश्याही. 2010 साली सर्वोच्च न्यायालयापुढे अपघातात गेलेल्या एका गृहिणीच्या भरपाईचा खटला आला, तेव्हा न्या. अशोककुमार गांगुली यांनी या वर्गवारीवर कडक शब्दांत टीका केली. 2023 साली न्यायालयानंच काढलेल्या पुस्तिकेत 'हाउसवाइफ'ऐवजी 'होममेकर' लिहावं असं सुचवलं.

नवा शब्द वाईट नाही. पण मला विचाराल तर जुन्या शब्दाचा दोष नव्हता. त्यात घर होतं, बाई होती आणि कारभारही होता. खोट होती ती हिशेबात. 2010 च्या त्या खटल्यात आधीच्या न्यायाधिकरणानं त्या बाईच्या घरातल्या कामाची किंमत फारच कमी धरली होती. सर्वोच्च न्यायालयानं भरपाई वाढवून सहा लाख रुपये केली. ती मागायला नवऱ्याला थेट दिल्लीच्या त्या दारापर्यंत जावं लागलं.