दगडांनी निवडलेलं गाव

मुलांनो, हेमॅटाइटचा तुकडा कधी मिळाला तर आधी तो हातात जोखून बघा. एवढासा दगड, पण हात खाली जातो! मग तो फरशीच्या खडबडीत पाठीवर घासा. दगड काळसर असला तरी रेघ उमटते विटकरी, कारण तो गंजाचाच भाऊबंद, लोखंडाचं ऑक्साइड. 300 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, ना झाड होतं ना मासा, तेव्हाच्या समुद्रात विरघळलेलं लोह थराथराने तळाशी बसत गेलं. त्या तळाचेच पुढे डोंगर झाले.

कोळसा त्यामानाने पोरसवदा. झरियाचा कोळसा म्हणजे 25-30 कोटी वर्षांपूर्वीची दलदलीतली जंगलं. लोखंडाला ऑक्सिजनने इतकं घट्ट धरलेलं असतं की नुसत्या आचेने ते सुटत नाही. भट्टीत कोक, म्हणजे हवेविना भाजलेला कोळसा, जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, तो हा ऑक्सिजन ओढून घेतो आणि तळाशी लोखंडाचा रस उरतो. म्हणजे खनिज हवं, कोक होणारा कोळसा हवा, वर भट्ट्या थंड ठेवायला भरपूर पाणी हवं. हे सगळं एका टापूत सापडणं किती दुर्मीळ!

पोलादाचा कारखाना काढायला निघालेल्या जमशेटजी टाटांनी पहिला डोळा ठेवला तो आपल्या चांद्यावर, म्हणजे आजच्या चंद्रपूरवर. लोहाऱ्याचं खनिज उत्तम, पण वरोऱ्याच्या कोळशाचा धड कोक होईना. वर्षामागून वर्षं गेली. अखेर 24 फेब्रुवारी 1904 ला प्रमथनाथ बोस यांचं पत्र आलं. कोलकात्यात मुख्यालय असलेल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात या माणसाने आयुष्यभर खडक तपासले होते. निवृत्तीनंतर मयूरभंज संस्थानात त्यांना गोरूमहिसानीचा लोहडोंगर गवसला. झरिया फार लांब नव्हतं. सुवर्णरेखा आणि खरकाईच्या संगमाजवळचं साकची हे गाव कारखान्यासाठी ठरलं. नागपूर-कोलकाता रेल्वे तिथून जवळच जात होती.

जमशेटजी मात्र 1904 च्या मे महिन्यातच वारले होते. जागा ठरायच्या कितीतरी आधी, 1902 साली, त्यांनी मुलाला, दोराबजींना, लिहून ठेवलं होतं: रस्ते रुंद ठेव, भराभर वाढणारी सावलीची झाडं लाव, बागा आणि खेळाची मैदानं सोड, देवळं, मशिदी, चर्च यांना जागा राख. भट्टीचा पत्ता नसताना भट्टीवर राबणाऱ्याच्या सावलीचा विचार! मला या माणसाचं मोठेपण इथे दिसतं. 1912 साली पहिलं पोलाद निघालं, त्याच वर्षी कामाचे आठ तास ठरले. ज्या संथाळ, हो, भूमिज लोकांची ही भूमी, त्यांनीही इथे घाम गाळला. त्यांना वगळून ही गोष्ट सांगताच येत नाही. 1919 साली साकचीचं जमशेदपूर झालं.

तुम्ही कोलकात्याला गेलात की हावडा पूल पायी ओलांडा. 1943 साली खुल्या झालेल्या या पुलात सुमारे 26,500 टन पोलाद आहे, आणि त्यातलं 23,000 टन टाटांनी पुरवलेलं आहे.