मासे जिवंत आहेत, म्हणून नदी निर्मळ?

पुलावरून खाली मासे दिसले की आपण बिनधास्त म्हणतो, पाणी चांगलं असणार. पण उजनी धरणात मुबलक सापडणारी चिलापी मैलामिश्रित पाण्यातही तग धरते, मांगूर तर हवेतला प्राणवायू घेऊन जगतो. म्हणून अभ्यासक आधी पाहतात, कोणते मासे उरलेत आणि कोणते दिसेनासे झालेत.

याची दुसरी बाजू म्हणजे, मासे मेले की कुणीतरी विष कालवलं असा निष्कर्ष. तसंही घडतं, पण पुष्कळदा मासे गुदमरून मरतात. सांडपाणी आणि मळी कुजताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार माशांसाठी तो लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम हवा.

सर्वांत घातक समज मात्र तिसरा: पाण्याची बाटली तपासली, काम झालं. बाटली त्या क्षणाचंच सांगते. रात्री सोडलेलं रसायन सकाळी वाहून गेलेलं असतं. मासा तिथेच राहतो. कल्ल्यांतून, अन्नातून ते अंगात साठवतो. शिवाय काही रसायनं इतक्या अल्प प्रमाणात घात करतात की मासे मरतही नाहीत. कॅनडातल्या ऑन्टारिओत संशोधकांनी २००१ ते २००३ या काळात एका प्रायोगिक तळ्यात गर्भनिरोधक गोळ्यांमधलं संप्रेरक मिसळलं, लिटरमागे अवघे ५-६ नॅनोग्रॅम. नर माशांच्या शरीरात अंड्यांच्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं, प्रजनन कोलमडलं आणि फॅटहेड मिनो ही छोट्या माशांची जात तळ्यातून जवळपास संपली. मेलेल्या माशांचा खच कुठेच पडला नव्हता. संप्रेरक थांबवल्यावर काही वर्षांनी ती जात सावरली, हेही तितकंच महत्त्वाचं.

'नीट तळलं की सगळं जातं' हेही खरं नाही. मिथाइल पारा हे पाऱ्याचं विषारी संयुग माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटून बसतं. धुऊन, शिजवून जात नाही. जपानमधल्या मिनामाताच्या लोकांनी हाच पारा साठलेले ताजे मासे खाल्ले आणि त्यांच्यावर मज्जासंस्थेचा भयंकर आजार ओढवला. १९५६ मध्ये त्याची अधिकृत नोंद झाली. म्हणून मासे खाणं सोडायची गरज नाही. पारा मोठ्या, दीर्घायुषी शिकारी माशांत जास्त साठतो, तारलीसारख्या लहान माशांत कमी.

नदीकाठी मेलेले मासे दिसले तर घरी नेऊ नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी कळवा; पाण्याचा आणि माशांचा नमुना उशिरा घेतला, तर कारण हाती लागत नाही.