नातवाला मांडीवर नको, सीटमध्ये बांधा



गळीत हंगाम संपून कारखान्याचा भोंगा थांबला की आपल्याकडे लग्नसराई, यात्रा-जत्रा आणि पाहुणे-रावळे सुरू होतात. पूर्वी प्रवासाला एस.टी.शिवाय दुसरे साधन नव्हते. आता उसाच्या बिलातून म्हणा, मुलाच्या पगारातून म्हणा, पुष्कळ सभासदांच्या दारात चारचाकी उभी दिसते. कुणाचा मुलगा वापीला नोकरीला, कुणाची लेक सुरतेला दिलेली, कुणाचे व्याही मुंबईला. चैत्री पौर्णिमेला डहाणूच्या महालक्ष्मीच्या यात्रेला जाणारेही आहेत. या साऱ्यांची वाट एकच, मुंबई-अहमदाबाद महामार्ग. पूर्वी त्याला आठ नंबरचा रस्ता म्हणत, आता त्याचा क्रमांक अठ्ठेचाळीस आहे. मनोर, चारोटी, तलासरी, अच्छाड आणि पुढे गुजरातची हद्द. रस्ता रुंद, गाड्या भरधाव आणि रात्रंदिवस कंटेनर-ट्रकची रांग.

आता एक साधा प्रश्न विचारतो. या रस्त्याने जाताना तुमचे वर्षा-दीड वर्षाचे नातवंड गाडीत कुठे बसते? उत्तर ठरलेले आहे : "आजीच्या मांडीवर", नाहीतर "पुढे आईजवळ". आजीच्या मांडीसारखी मायेची जागा दुसरी नाही हे आम्हालाही मान्य आहे. पण धडकेच्या क्षणी ती माया कामाला येत नाही. का येत नाही, आणि त्याऐवजी काय करावे, हे या लेखात सांगायचे आहे.

चारोटीचा धडा

४ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारी दुपारी, उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली एक भारी किमतीची मोटार तलासरी मागे टाकून चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर कठड्याला धडकली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी मागच्या सीटवर बसलेले गृहस्थ या अपघातात गेले. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. मागच्या सीटवर बसले की धोका नाही, ही आपल्या सर्वांची समजूत त्या दिवशी खोटी ठरली. मोठ्या माणसांची ही गत, तर मांडीवरच्या लेकराची काय कथा?

हिशेब करून पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर आतल्या प्रत्येकाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या सुमारे चौदा पट रेटा येतो. दहा किलोचे लेकरू त्या क्षणी १४० किलोचे होते. म्हणजे पन्नास किलोची जवळजवळ तीन पोती साखर! ती पोती दोन हातांनी धरून ठेवणारी आजी, आई किंवा पैलवान अजून जन्माला यायचा आहे. शिवाय आजीने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर तिचाच भार लेकरावर येतो. आई आणि बाळ मिळून एकच पट्टा लावला तर आईच्या अंगाचा दाब बाळावर पडतो, म्हणून तीही तोड नव्हे. टायरगाडीत ऊस भरला की सोल आवळल्याशिवाय आपण गाडी रस्त्याला लावत नाही. उसाची एवढी काळजी, मग पोटच्या गोळ्याची किती घ्यायची?

तोंड मागे कशासाठी?

लहान मुलांसाठी गाडीत वेगळी सीट मिळते. तिला चाइल्ड सीट किंवा कार सीट म्हणतात. त्यात एक प्रकार असा आहे, की बाळ लहान असताना त्याचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे ठेवायचे आणि मोठे झाल्यावर तीच सीट फिरवून पुढे तोंड करायचे. या दुहेरी सीटला दुकानात 'कन्व्हर्टिबल' म्हणतात. एकच वस्तू चार वर्षे कामाला येते, म्हणून आपल्यासारख्यांना तीच परवडते.

पाहणारा म्हणतो, "पोराला असं उलटं काय बसवलंय?" कारण असे. तान्ह्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने फार मोठे, उंचीच्या जवळजवळ चौथाई असते. मानेची हाडे अजून कोवळी, कुर्चेची असतात. समोरून धडक बसली आणि तोंड पुढे असले, तर धड पट्ट्यात अडकते, डोके पुढे फेकले जाते आणि सगळा हिसका त्या कोवळ्या मानेवर येतो. तोंड मागे असले तर पाठ, मान आणि डोके तिन्ही एकाच वेळी सीटच्या पाठीत दाबली जातात आणि रेटा सगळ्या पाठीवर वाटला जातो.

ही युक्ती स्वीडन देशातली. तिथल्या बर्टिल आल्डमन या प्राध्यापकांनी १९६४ साली अशी पहिली सीट तयार करून तपासली. अंतराळवीर यानात पाठीवर रेलून रेटा झेलतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या अंदाजाप्रमाणे योग्य सीटमुळे एक वर्षाच्या आतील मुलांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो.

सीट निवडताना

१) वयावर जाऊ नका, वजन-उंची बघा. अंगणवाडीच्या कार्डावर वजन लिहिलेले असते, ते घेऊन दुकानात जा. जुन्या युरोपीय मानकाप्रमाणे (आर-४४) जन्मापासून १३ किलोपर्यंतचा एक गट आणि ९ ते १८ किलोचा दुसरा गट आहे. कन्व्हर्टिबल सीट दोन्ही गट सांभाळते. मागे तोंड करून जास्तीत जास्त किती किलोपर्यंत चालते हे आवर्जून विचारा. जितके जास्त, तितके चांगले.

२) मानकाचा शिक्का बघा. आपल्या देशाचे मानक ए.आय.एस.-०७२. युरोपच्या सीटवर गोलात 'ई' अक्षर आणि आकडा असतो. शिक्का नसेल तर ती नुसती गादी समजा.

३) आपली गाडी घेऊनच दुकानात जा आणि सीट बसवून बघा. गाडीत 'आयसोफिक्स' म्हणजे मागच्या सीटच्या फटीतले लोखंडी कडे आहे का, की तीन जागी धरणारा साधा पट्टा आहे, त्याप्रमाणे सीट घ्या. जीपमधल्या आडव्या बाकावर, कमरेपुरत्या पट्ट्यावर किंवा पिकअपच्या हौद्यात अशी सीट बसत नाही. तिथे मूल नेऊच नये.

४) कुणाची वापरलेली सीट मिळाली तर चौकशी करा. अपघातात सापडलेली, चिरलेली किंवा पट्टे झिजलेली सीट फुकट मिळाली तरी नको. प्लॅस्टिकही कालांतराने कमजोर होते, म्हणून सीटवर मुदतीची तारीख असेल ती बघा.

साध्या सीटला पाच-सात हजार रुपये पडतात, चांगली घ्यायची तर पंधरा-वीस हजारांच्या पुढे जाते. रक्कम थोडी नाही. पण बारशाला, वाढदिवसाला मामा, काका आणि आजोबा मिळून वेगवेगळी खेळणी व कपडे आणतात, त्याऐवजी सर्वांनी मिळून ही एक वस्तू आणली तर ती सार्थकी लागेल.

बसवताना

सीट चांगली आणि बसवणे ढिले, तर उपयोग शून्य. घाई न करता अंगणात गाडी उभी करून, सीटबरोबरचे माहितीपत्रक आणि गाडीचे पुस्तक समोर ठेवून बसवा. इंग्रजी अडले तर कॉलेजात जाणाऱ्या पोराला बोलवा.

• जागा मागचीच. समोरच्या सीटपुढे हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग असते. ती डोळ्याचे पाते लवण्याआधी फुगते आणि उलट्या तोंडाच्या सीटच्या पाठीवर आदळते. बाळाच्या जिवावर बेतते. चालू एअरबॅगपुढे ही सीट कधीही ठेवू नये.

• पट्टा योग्य वाटेने ओवा. सीटला पट्ट्याच्या दोन वाटा असतात, मागे तोंड असताना एक, पुढे तोंड असताना दुसरी. पुष्कळ सीटवर मागच्या तोंडाची खूण निळी आणि पुढच्याची तांबडी असते. चूक होते ती इथेच.

• गुडघ्याने किंवा हाताने सीट दाबून धरा आणि पट्टा ओढून आवळा. पट्ट्याला पीळ नको. सीटला चाप असेल तर तो लावा, म्हणजे पट्टा पुन्हा सैल होणार नाही. आयसोफिक्स असेल तर दोन्ही बाजूंनी 'खट्' आवाज आला पाहिजे. काही सीटना पुढे टेकू म्हणून पाय असतो, तो गाडीच्या तळाला पक्का टेकलेला हवा.

• आता परीक्षा. पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवा. एका इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळा.

• कल बघा. तान्हे बाळ फार उभे बसले तर मान पुढे पडून श्वास कोंडू शकतो. फार आडवे झाले तर धडकेत आधार कमी होतो. सीटच्या बाजूला कलाची रेघ किंवा खूण असते, गाडी सपाट जागी उभी करून ती जुळवा.

बाळाला बांधताना

खांद्याचे पट्टे मागे तोंड असताना बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा थोडे खाली असावेत. पट्टा आवळल्यावर खांद्यावर चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर ढिला आहे. दुपटे, स्वेटर, शाल पट्ट्याखाली नको. आधी बांधा, मग वरून पांघरा. उन्हात उभ्या गाडीतली बकले तापतात, ती आधी हाताने चाचपून बघा. दोन तासांनी थांबून बाळाला मोकळे करा, पाय हलवू द्या. आणि झोपलेले मूल बंद गाडीत ठेवून चहाला जाऊ नका, एक मिनिटसुद्धा नको.

"पाय आखडतात हो त्याचे," अशी तक्रार येते. मुले पाय दुमडून मजेत बसतात. पाय मोडला तर जुळतो, मान जुळत नाही. "फार रडतं," ही दुसरी तक्रार. पहिले चार दिवस रडेल. जवळच्या फेऱ्यांपासून सवय लावा. एकदा सवय झाली की हट्टाने त्याच सीटवर बसेल.

पुढे तोंड केव्हा करावे? घाई नको. युरोपच्या नव्या नियमात (आर-१२९) किमान पंधरा महिने मागे तोंड सक्तीचे आहे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली सांगितले, की सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेपर्यंत मागेच ठेवा. डोके सीटच्या माथ्यापासून एक इंचावर आले किंवा वजन मर्यादेला पोहोचले, की मग फिरवा. पहिला वाढदिवस झाला म्हणून नव्हे.

कायदा काय म्हणतो?

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आले. चौदा वर्षांखालील मूल पट्टा किंवा बालआसनाशिवाय गाडीत नेले, तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड सांगितला आहे. मोटारसायकलवरच्या लेकरांसाठीही नियम आहे. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी काढलेला हा नियम वर्षभराने लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, डोक्याला त्याच्या मापाचे शिरस्त्राण हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. आपल्या गावात हे किती जण पाळतात, ते ज्याने त्याने पाहावे.

नवी गाडी घ्यायची असेल तर तिचे तारेही विचारा. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एन-कॅप तपासणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढ्या बाहुल्या सीटमध्ये बसवून धडक दिली जाते आणि मुलांच्या सुरक्षिततेचे तारे वेगळे मिळतात. रंग आणि मायलेज विचारता, तसे हेही विचारा.

शेवटी एक अडचण. गाडीत माणसे आठ आणि जागा पाच, त्यात ही सीट एक जागा अडवणार. घरात कुरबूर होणार, हे आम्ही धरून चाललो आहोत. तेव्हा गाडी भरतानाच ठरवा. आधी लेकराची सीट पक्की बसवायची, बाकीच्यांनी उरलेल्या जागेत पट्टे लावून बसायचे आणि जे मावणार नाहीत त्यांनी एस.टी. धरायची. एस.टी. वापीला आणि महालक्ष्मीलाही जाते.