धुराचा हिशोब : माणसे वाढली की धंदा?

देशात कोळशाचा धूर का वाढतो, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : लोकसंख्या वाढली! हे उत्तर अर्धवट आहे, आणि अर्धवट खतावणीवर व्यापाऱ्याने सही करू नये.

जपानचे ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांनी मांडलेला चार कलमांचा हिशोब जगभर वापरला जातो. माणसे किती, दर माणशी उत्पन्न किती, त्या उत्पन्नासाठी ऊर्जा किती लागली आणि त्या ऊर्जेत कार्बन किती. या चारांचा गुणाकार म्हणजे देशाचे कार्बन उत्सर्जन. आम्हा कापडवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर, गिऱ्हाइके किती, दर गिऱ्हाइकामागे कापड किती, दर मीटरमागे वीज किती आणि दर युनिटमागे कोळसा किती.

आता आकडे पाहू. १९९० साली भारताचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन सुमारे ६० कोटी टन होते. २०२३ मध्ये ते ३०० कोटी टनांवर गेले, म्हणजे पाचपट झाले. याच काळात लोकसंख्या सुमारे ८७ कोटींवरून १४३ कोटींवर गेली. ही वाढ पावणेदोन पटही नाही. दर माणशी उत्पन्न मात्र महागाई वजा करूनही साडेतीन पटींहून अधिक झाले. मोठे कलम हे आहे. २०२० च्या टाळेबंदीत माणसे तेवढीच होती. गिरण्या, माग आणि गाड्या थांबल्या, आणि त्या वर्षी देशाचे उत्सर्जन खाली आले.

आमच्या वडीगोद्रीकडेच पाहा. गाव धुळे-सोलापूर महामार्गावर, परिसरात जायकवाडीचे कालव्याचे पाणी आणि ऊस. उसाचे पैसे हाती आले की घरात कापड येते, पंखा येतो, मोटारसायकल येते. ही उधळपट्टी नव्हे, गरज आहे. एका भारतीयाचे वार्षिक उत्सर्जन सुमारे २ टन, तर जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर. तेव्हा पहिल्या दोन कलमांवर कात्री चालवा, असे कोणी गरिबाला सांगू नये.

उरली दोन कलमे. तिसऱ्यात देशाने चांगली बचत केली. सरकारी अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात उत्पन्नाच्या तुलनेत उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटले. चौथे कलम मात्र हट्टी आहे. २०२५ मध्ये वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता सूर्य, वारा, पाणी, अणू अशा बिगर-कोळसा साधनांची झाली. तरी प्रत्यक्ष विजेचा मोठा हिस्सा कोळशाचाच, कारण सूर्य मावळल्यावरही माग आणि भट्ट्या चालतात.

यात आपला काय संबंध? युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलादावर त्यातील कार्बननुसार आकारणीची व्यवस्था लागू केली. जालना हे लोखंडी सळ्यांचे शहर. तिथे भंगार वितळवायला वीजच लागते. कापड त्या यादीत नाही, पण मालासोबत धुराचा हिशोब मागण्याची रीत पडली आहे.

कारागीर बंधूंना करता येण्यासारखे पुष्कळ आहे. शिलाई मशीनची जुनी क्लच मोटर टाका पडो न पडो, फिरतच राहते. सर्वो मोटर पाय दाबला तरच चालते. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसा चालणाऱ्या कारखान्याला छतावरची सौर वीज उपयोगी, कारण काम आणि ऊन एकाच वेळी असते.

आमची सूचना एवढीच : नुसती बिलाची रक्कम पाहू नका. महिन्याच्या युनिटांना तयार झालेल्या नगांनी भागा आणि तो आकडा वहीत लिहा. धंदा वाढला की बिल वाढणारच. दर नगामागची वीज घटली, तर समजावे की नफा आपल्या गल्ल्यात राहिला आणि धूर तेवढा कमी झाला.