अखंड ठोकळ्यातून कोरलेली तबकडी

माझदाच्या १३बी रोटरी इंजिनात पिस्टन नाहीत. दोन तिकोनी रोटर फिरतात, प्रत्येकी ६५४ सीसीचे. रोटरांच्या दोन्ही अंगांच्या तबकड्या ओतीव लोखंडाच्या. शर्यतीसाठी मोठा टर्बो लावून ताकद दुप्पट-तिप्पट केली, की घात होतो तो इथेच: मागच्या तबकडीत, भाग जुळवून धरणारी डॉवेल पिन बसते त्या भोकापाशी तडा जातो. म्हणून शर्यतवाले अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रावर कोरलेली तबकडी बसवतात. ओतकामातल्या बारीक पोकळ्या तिच्यात नसतात, वजनही चांगलंच उतरतं. पण अ‍ॅल्युमिनियम मऊ. रोटरची सील त्यावर सतत घासत राहते, तेव्हा पृष्ठभागाला कठीण थर हवाच. शिवाय तापल्यावर ते लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे फटींचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. मला तर या कामातलं सगळ्यात मोठं कसब तिथंच दिसतं.