हाताला कळायला वेळ लागतो

विमान चालवायला शिकणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची पहिली चूक बहुतेक वेळा जमिनीवरच होते. छोटं प्रशिक्षण विमान धावपट्टीकडे हळूहळू निघालेलं असतं. ते जरा डावीकडे सरकतं आणि मुलगा हातातलं चाक उजवीकडे फिरवतो. विमानाला त्याचं काहीच सोयरसुतक नसतं. जमिनीवर विमान वळतं ते पायांनी, रडरच्या पेडलवर दाब देऊन. मुलाला हे ठाऊक नसतं असं नाही. आदल्या दिवशी वर्गात त्याने ते वहीत लिहून घेतलेलं असतं, परीक्षेत विचारलं तर पूर्ण गुणही मिळवील. पण त्याचे हात लहानपणापासून सायकल वळवत आले आहेत आणि हातांना वही वाचता येत नाही.

'माहीत असणं' आणि 'येणं' यांतलं हे अंतर रुग्णालयात रोज दिसतं. हाताच्या शिरांची नावं धडाधड सांगणाऱ्या इंटर्नची पहिली सुई शीर सोडून भलतीकडेच जाते. मेंदूत या दोन गोष्टींचे कप्पेच वेगळे आहेत. नाव, नियम, व्याख्या लक्षात ठेवायला हिप्पोकॅम्पस लागतो. हातापायांची कौशल्यं मात्र लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या काही केंद्रांच्या मदतीने पक्की होतात. वैद्यकशास्त्रात 'एच. एम.' या आद्याक्षरांनी प्रसिद्ध असलेल्या रुग्णाचे दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढावे लागले होते. त्याला नवीन काहीच आठवत नसे. तरी आरशात बघून चांदणी गिरवायचा सराव मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याच्याकडून करून घेतला, तेव्हा त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आपण हे आधी कधी केलंय, हेच त्याला दर वेळी आठवत नव्हतं!

सायकलवर हा फरक गुडघा फुटण्यापुरता महाग पडतो. आकाशात तो जिवावर बेतू शकतो आणि त्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे 'स्टॉल'. हा शब्द ऐकला की आपल्याला इंजिन बंद पडलं असं वाटतं. तसं नसतं, इंजिन व्यवस्थित चालू असतं. पंख समोरून येणाऱ्या हवेला ज्या कोनात भेटतो, तो कोन साधारण पंधरा अंशांच्या पुढे गेला की पंखावरून सरळ वाहणारी हवा सुटते, विस्कटते आणि विमानाला वर तोलून धरणारा जोर एकदम कमी होतो. विमानाचं नाक खाली जाऊ लागतं. समोर जमीन दिसते. अशा वेळी कोणताही माणूस काय करील? दांडी मागे ओढील, नाक वर घ्यायला बघील. आणि तेच नेमकं चुकीचं असतं, कारण त्याने तो कोन आणखी वाढतो. करायचं असतं ते उलट. नाक आधीच खाली जात असताना दांडी आणखी पुढे ढकलायची, पंखांवर हवा पुन्हा नीट वाहू द्यायची आणि मग हळूच वर यायचं. पुरेशी उंची असेल तर हे सहज जमतं. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर, जमीन काहीशे फुटांवर असताना स्टॉल झाला तर चूक दुरुस्त करायला जागाच उरत नाही.

हे फक्त शिकाऊ मुलांचं होतं असं समजायचं कारण नाही. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिक महासागरात कोसळलं आणि २२८ जण गेले. वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला आणि वैमानिकाने नाक वर ओढलं. स्टॉलचा इशारा कानावर आदळत असतानाही तो बहुतेक वेळ ओढतच राहिला. हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक होते ते. स्टॉल म्हणजे काय, हे त्यांना विचारलं असतं तर त्यांनी व्यवस्थित सांगितलं असतं. पण एवढ्या उंचीवर, हाताने विमान चालवत, अचानक आलेल्या स्टॉलचा सराव त्यांच्या हातांना नव्हता. या आणि अशा अपघातांनंतर जगभर प्रशिक्षण बदललं. आधी सरावात उंची कमीत कमी गमावण्यावर भर असे. आता पहिली पायरी एकच, नाक खाली.

ही गोष्ट एका माणसाला १९१७ मध्येच उमगली होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये वैमानिक घडवण्याची पद्धत भयंकर होती. आघाडीवरून थकून आलेल्यांना प्रशिक्षक म्हणून बसवलं जाई, हवेत गुरू-शिष्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे आणि गिरकीसारख्या धोक्याच्या गोष्टींपासून विद्यार्थ्यांना लांब ठेवलं जाई. परिणामी शत्रू दिसण्याआधीच कितीतरी पोरं प्रशिक्षणात मेली. रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने गॉस्पोर्ट येथे हे सगळं उलटं केलं. दोघांनाही विमान चालवता येईल अशी दुहेरी नियंत्रणं दिली. एकमेकांशी बोलायला रबरी नळी बसवली. तिला पुढे 'गॉस्पोर्ट ट्यूब' हेच नाव पडलं. आणि मुख्य म्हणजे विद्यार्थ्याला मुद्दाम गिरकीत न्यायचं, ती का लागली ते समजावायचं आणि बाहेर काढायला त्यालाच लावायचं, असा शिरस्ता घातला. धोका टाळायला शिकवण्याऐवजी धोक्यातून बाहेर यायला शिकवायचं. ही पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली.

अमेरिकेत उड्डाण प्रशिक्षकांसाठी सरकारी हवाई वाहतूक प्रशासनाचं एक हस्तपुस्तक आहे. त्यात शिकण्याचे जे नियम दिले जातात त्यांचं मूळ एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या मांजरांपर्यंत जातं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी भुकेली मांजरं पिंजऱ्यात ठेवली आणि कडी उघडायला त्या किती वेळाने शिकतात ते मोजलं. त्यातून नियम निघाले: शिकणाऱ्याची तयारी हवी, सराव हवा आणि कृतीचं फळ समाधानाचं असेल तर ती कृती टिकते. नंतर त्यांत आणखी भर पडली. पहिल्यांदा शिकलेलं सर्वांत घट्ट बसतं, हा त्यांतला एक. विमानाच्या बाबतीत तो फार खरा आहे. दांडी मुठीत करकचून धरायची सवय पहिल्या तीन उड्डाणांत लागली, तर ती सोडवायला तीस उड्डाणं कमी पडतात. दोन बोटांनी हलकेच धरायला शिकलेला मुलगा विमान काय सांगतंय ते हाताने ऐकू शकतो.

गंमत म्हणजे थॉर्नडाइक यांनी स्वतःच पुढे आपले नियम दुरुस्त केले. नुसत्या पुनरावृत्तीने शिक्षण होत नाही, आपण केलं ते बरोबर की चूक हे कळावं लागतं. आणि शिक्षेचा परिणाम बक्षिसाइतका होत नाही, असं ते सांगू लागले. आरडाओरडा करणाऱ्या प्रशिक्षकांपर्यंत ही दुरुस्ती पोहोचायला वेळ लागतोय. ओरडल्याने विद्यार्थ्याच्या अंगात अॅड्रेनलिन उसळतं, नजर अरुंद होते आणि तात्पुरत्या स्मृतीत एरवी मावणाऱ्या गोष्टींपैकी काही गळून पडतात. म्हणूनच समजूतदार प्रशिक्षक सुरुवातीला रेडिओवरचं बोलणं स्वतःकडे घेतो. वैमानिकांमध्ये जगभर एकच क्रम सांगितला जातो: आधी विमान उडवा, मग दिशा बघा, मग बोला. नवशिक्याच्या डोक्यात एका वेळी किती मावतं, याचा हिशेबच तो आहे.

हातानंतर फसवतो तो कान. लहानपणी फुगडी घालून एकदम थांबल्यावर घर उलट्या दिशेने फिरताना सर्वांनीच पाहिलेलं आहे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो, त्यामुळे केसांसारख्या पेशी वाकतात आणि आपण वळतोय हे मेंदूला कळतं. पण विमान एकाच गतीने दहा-वीस सेकंद वळत राहिलं की द्रवही त्याच गतीने फिरू लागतो, पेशी सरळ होतात आणि कान सांगतो, आपण सरळ चाललोय. आता विमान खरोखर सरळ केलं, तर कान उलट्या वळणाची बोंब ठोकतो. ढगात शिरलेला, यंत्रांवर विसंबायला न शिकलेला वैमानिक कानाचं ऐकतो आणि पुन्हा पहिल्या वळणात शिरतो. वळण आवळत जातं, उंची घटत जाते.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात हे मोजलं गेलं. फक्त यंत्रांकडे बघून उडवण्याचा अनुभव नसलेल्या वीस जणांना, प्रशिक्षक शेजारी बसवून, बाहेरचं दिसणार नाही अशी व्यवस्था करून उडवायला लावलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. हा आकडा वैमानिकांच्या जगात दंतकथेसारखा सांगितला जातो, पण त्या प्रयोगाचा उरलेला अर्धा भाग फारसं कोणी सांगत नाही. संशोधकांचा हेतू भीती घालण्याचा नव्हताच. त्यांना एक छोटा अभ्यासक्रम तयार करायचा होता. विमान स्थिर करायचं, हात काढून घ्यायचे, यंत्र बघत पायांनी हळूहळू वळायचं आणि आलो त्या दिशेने परत फिरायचं. थोड्याशा सरावानंतर त्याच लोकांना हे जवळजवळ दर वेळी जमलं. कान तोच होता. त्याचं न ऐकायला ते शिकले होते.

मग प्रश्न येतो वयाचा. आपल्याकडे शिकाऊ वैमानिकाचा परवाना सोळाव्या वर्षी मिळू शकतो, खासगी परवाना सतराव्या आणि व्यावसायिक अठराव्या. एवढ्या लहान वयात विमान हातात द्यायचं का, ही पालकांची शंका रास्त आहे. धोका तोलणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. २००५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात मुलांना गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ दिला होता. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी घेतलेली जोखीम ठळकपणे वाढली, प्रौढांवर मात्र मित्रांच्या असण्याचा फारसा परिणाम दिसला नाही. म्हणजे अडचण सोळा वर्षांच्या हाताची किंवा बुद्धीची नसते. मागच्या सीटवर मोबाइल सरसावून बसलेल्या मित्राची असते. शिकाऊ वैमानिकाला प्रवासी नेता येत नाहीत, हा जुना नियम मेंदूशास्त्राच्या आधीचा असला तरी अगदी योग्य आहे. आणि वयाचंच म्हणाल तर १९३० साली भारत आणि इंग्लंडदरम्यान एकट्याने उडण्याचं आगाखानांचं बक्षीस अॅस्पी इंजिनिअर यांनी जिंकलं, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. त्याच शर्यतीत उलट दिशेने निघालेल्या जेआरडी टाटांनी वाटेत इजिप्तमध्ये त्यांना आपल्याकडचे जादा स्पार्क प्लग दिले. इंजिनिअर पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले.

किशोर मेंदूची खरी गरज आहे ती थोडं थोडं, वरचेवर शिकण्याची आणि मधे झोपण्याची. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं की, एका बैठकीत रगडून केलेल्या पाठांतरापेक्षा अंतराने केलेली उजळणी जास्त टिकते. हातांच्या कौशल्यांचंही तसंच आहे. दिवसा केलेला सराव झोपेत पक्का होतो. आपल्याकडे मात्र व्यावसायिक परवान्यासाठीचे दोनशे तास आणि त्यामागे ओतलेले लाखो रुपये यांचा धाक असा की, हवामान उघडलं की दिवसाला जमेल तितकं उडून घ्यायचं आणि लेखी परीक्षेसाठी मोबाइलवर फिरणारे प्रश्नसंच घोकायचे. तास भरतात. ग्लायडर या बाबतीत शहाणा गुरू आहे. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये ज्यांनी इंजिनाविना उडण्याचा अनुभव घेतला, त्यांना ठाऊक आहे की विंचने वर खेचलेलं ग्लायडर काही मिनिटांत खाली येतं. उड्डाण छोटं, पण प्रत्येकात एक उतरणं. चूक केली तर लगेच कळते आणि पुढच्या खेपेपर्यंत गवतावर बसून तिचा विचार करायला वेळ मिळतो.

घरच्या संगणकावरच्या सिम्युलेटरचा उपयोग आहे, पण बेताने. कृतींचा क्रम, रेडिओवरची भाषा, यंत्रं वाचणं हे त्यावर छान बसतं. मात्र त्यावर वाढलेला मुलगा खऱ्या विमानात बाहेर क्षितिज बघायचं सोडून काट्यांवर डोळे लावून बसतो, अशी प्रशिक्षकांची तक्रार असते. मग ते सरळ कागदाने यंत्रं झाकून टाकतात. त्याहून स्वस्त साधन म्हणजे साधी खुर्ची. डोळे मिटून, हातपाय खरोखर हलवत, तोंडाने एकेक पायरी बोलत संपूर्ण उड्डाण मनात करायचं. घरच्यांना पोरगं बिघडलंय असं वाटू शकतं. तिकडे दुर्लक्ष करावं.

शाळकरी वयात तर विमानातही बसायला नको. एनसीसीच्या हवाई शाखेत मुलांना एरोमॉडेलिंग शिकवतात, त्यात हे सगळं तळहातावर दिसतं. बाल्साच्या हलक्या लाकडाचं हातभर ग्लायडर घ्यायचं आणि नाक जास्त वर करून फेकायचं. ते चढतं, क्षणभर हवेत थबकतं आणि डोकं टाकून खाली येतं. तोच स्टॉल. मग मूल आपसूक त्याच्या नाकाला थोडी माती चिकटवतं आणि पुन्हा फेकतं. तीन-चार खेपांनंतर केव्हातरी ते ग्लायडर सरळ, लांब, मैदानाच्या पार कुंपणापर्यंत जातं, आणि मूल ते आणायला धावत सुटतं.